तांत्रिक अडचणीमागचा क्लॅरिनेट

"लागला! अरे धावा, लागला! या लवकर!"

माडीवरून आजोबांची हाक आली आणि खाली चाललेला पत्त्यांचा डाव जागच्या जागी मोडला. भोंग्यानं हातातले पत्ते भिरकावले. मास्तरीण खुर्ची मागे सारून उठली. खुट्ट जिन्याच्या पहिल्याच पायरीला अडखळला, पण तरी सगळ्यांच्या आधी वर पोहोचला, कारण घाबरला की तो फार जोरात पळायचा आणि तो घाबरलेला नाही असा प्रसंग क्वचितच यायचा.

खोलीत आजोबा रेडिओसमोर वाकून बसले होते. त्यांची बोटं हवेतल्या हवेत हलत होती, जणू हातात वाद्य होतं. आणि रेडिओतून मधासारखा गोड आवाज येत होता,

"श्रोतेहो, तांत्रिक अडचणीमुळे कार्यक्रमात आलेल्या व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ऐकू या पुढचं गाणं!"

"गेला," आजोबा म्हणाले. "आत्ता होता रे पोरांनो! माझा क्लॅरिनेट होता!"

या तिघांची ओळख आधीच करून दिलेली बरी. मास्तरीण सगळ्यांत मोठी. ती सुट्टीतसुद्धा सगळ्यांना रांगेत उभं करायची, म्हणून हे नाव. भोंगा तिचा सख्खा भाऊ. त्याला कुजबुजता येत नसे. तो कानात काही सांगायला लागला की शेजारच्या घरातली माणसं "काय म्हणालास?" असं विचारत. दोघं सुट्टीसाठी आजोळी आले होते. खुट्ट हा त्यांचा मामेभाऊ, या घरातलाच. कुठं खुट्ट वाजलं की तो दचकायचा आणि कोणालाही ऐकू येणार नाही ते त्याला ऐकू यायचं. बाकी वेळ तो एकटाच बुद्धिबळ खेळायचा. भोंग्याच्या मते तो दोन्ही बाजूंनी हरायचा.

एवढ्यात मामा वर आले. नकाशे काढण्याचं काम अर्धवट टाकून आल्यामुळे त्यांच्या कानावर पेन्सिल तशीच होती.

"बाबा, पुन्हा?"

"पुन्हा म्हणजे काय? लागला होता! तरुणपणी रेडिओवर वाजवलं होतं मी. तीच धून!"

"मी रेडिओ केंद्रात फोन केला होता की. त्यांच्या संग्रहात तुमची एकही टेप नाही. आणि क्लॅरिनेट काय जगात तुम्ही एकट्यानंच वाजवला?"

"माझी फुंक मला कळत नाही होय?" आजोबा चिडले. "त्या टेपच्या शेवटी तुझी आईसुद्धा बोललीय. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा विझायच्या आधीच बोलली. केवढे रागावले होते ते लोक!"

मामा एक पाऊल पुढे आले. "काय बोलली होती आई?"

आजोबांनी कपाळ चोळलं. बराच वेळ चोळलं.

"ते... ते मात्र आठवत नाही रे."

मामांनी दारात उभ्या असलेल्या मामींकडे पाहिलं. मामींनी मामांकडे पाहिलं. ते पाहणं मास्तरणीला मुळीच आवडलं नाही.

---

"मला वास येतोय," मागच्या अंगणात पोचल्यावर मास्तरीण म्हणाली.

"दूध लागलंय," भोंगा म्हणाला.

"संशयाचा वास, मूर्खा! रोज काहीतरी वाजतं, आपण पोचेपर्यंत बंद होतं. केंद्र म्हणतं टेपच नाही. मग वाजतं ते काय?"

"आजोबांच्या डोक्यात वाजत असेल तर?" खुट्टनं भीत भीत विचारलं. "पप्पा तसंच म्हणतात."

"मग तू आजोबांच्या बाजूनं आहेस की मामाच्या?"

"मी... मी या बाजूनं आहे," खुट्ट घाईघाईनं म्हणाला.

"टिपून ठेवायचं!" भोंगा ओरडला आणि कुंपणावरचा कावळा उडाला. "रेडिओ कॉम्प्युटरला जोडायचा! धून लागेल तेव्हा आपण पत्ते खेळत असलो तरी चालेल! कॉम्प्युटर ऐकेल!"

भोंग्याला कधी कधी चांगल्या कल्पना सुचत. दुर्दैवानं त्या सगळ्या गल्लीला एकदम कळत.

मामांचा कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत होता. दुपारी मामा आपल्या टेबलावर हातानं नकाशे काढत, तेव्हा मुलांना तो मिळायचा. जुन्या स्पीकरच्या खोक्यात दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सापडली. दुसऱ्या दिवशी आजोबा वामकुक्षीला आडवे झाले तसा भोंग्यानं रेडिओ खाली आणला. एक पिन रेडिओच्या इअरफोनच्या भोकात, दुसरी कॉम्प्युटरच्या पाठीमागे. पिन बसताच रेडिओचा आवाज बंद झाला.

"बघा! गाणं वायरीत शिरलं!" भोंगा म्हणाला.

मास्तरणीनं आवाज टिपायचा प्रोग्रॅम उघडला, लाल गोल दाबला, पडदा झाकून ठेवला आणि तिघं शहाण्या मुलांसारखी अंगणात खेळायला गेली.

तासाभरानं त्यांनी ते ऐकायला सुरुवात केली, तर गाणं नाही, निवेदक नाही, क्लॅरिनेट तर नाहीच. नुसती पंख्याची घरघर. मग कपबशीचा आवाज. आणि मग चक्क मामी!

"...रविवारी येतायत ना डॉक्टर?"

"हो," हा मामांचा आवाज. "भास होतात म्हणून सांगितलंय मी. त्यांचं म्हणणं, रेडिओ आधी बंद करा. माळ्यावर टाकून देऊ. आणि बाबांना माडीवर नको. खाली आणू, डोळ्यासमोर राहतील. एकटं फिरायला जाणंही बंद."

"त्यांना फार लागेल हो मनाला."

"मला काय बरं वाटतंय? पण उद्या रस्त्यात भास झाला तर?"

मास्तरणीनं ते बंद केलं. भोंग्यानं वायर बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"म्हणजे आजोबांचा रेडिओ जाणार," शेवटी खुट्ट म्हणाला. "आणि संध्याकाळचं फिरणंही."

"जाणार नाही," मास्तरीण म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "रविवारच्या आत आपण शोधून काढायचं. पण मामी कॉम्प्युटरमध्ये शिरल्याच कशा?"

शोध घेतल्यावर कळलं की चूक मास्तरणीचीच होती. कॉम्प्युटरला स्वतःचा छोटा माइक होता आणि प्रोग्रॅम वायरीऐवजी त्याचंच ऐकत बसला होता! तिनं प्रोग्रॅममध्ये माइकसमोरची खूण काढून वायरीसमोर केली. भोंगा पुढे बराच वेळ "बाई, वायरीत मामी आहेत का बघा!" असं म्हणत राहिला, आणि एकदा त्याबद्दल त्यानं चिमटाही खाल्ला.

पुढच्या वेळी मात्र जमलं. एकदा जमलं, मग आणखी एकदा. आजोबांना त्यांनी विश्वासात घेतलं. स्पीकरमधून क्लॅरिनेटचे पहिले सूर आले तेव्हा आजोबा पुढे सरकून बसले. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांची बोटं चालू लागली. पुढचा सूर येण्याआधीच बोट त्या जागी जायचं. दर वेळी, न चुकता!

"ऐकून बोट हलवणं वेगळं," मास्तरीण हळूच म्हणाली. "हे तर आधी हलतंय."

मग तिनं दोन्ही टिपणं पडद्यावर एकाखाली एक लावली. आवाजाचे डोंगर आणि दऱ्या दिसत होत्या. दोन्हींची सुरुवात अगदी सारखी होती. पण वरची धून लवकर तुटत होती आणि खालची जरा उशिरा.

"म्हणजे कोणीतरी दर वेळी पहिल्यापासून लावतं आणि मध्येच बंद करतं. मुद्दाम!" भोंगा म्हणाला.

"श्श!" खुट्ट स्पीकरला कान लावून होता. "तो बघा, तो धापा टाकतोय!"

"कोण?"

"मधाळ!"

गोड आवाजाच्या त्या निवेदकाला त्यांनी हेच नाव दिलं होतं. मास्तरणीनं आवाज वाढवला. खरंच की! "तांत्रिक" आणि "अडचणीमुळे" या दोन शब्दांच्या मधे मधाळ चक्क श्वास घेत होता, जिना चढून आल्यासारखा.

"तांत्रिक अडचण यंत्राला येते," मास्तरीण सावकाश म्हणाली. "मग धाप माणसाला का लागते?"

शिवाय आणखी एक गोष्ट होती. निवेदक बाई असल्या की क्लॅरिनेट लागतच नसे. मधाळची पाळी असली आणि त्यानं एखादं लांबलचक गाणं लावलं की हमखास लागायचा. आधी जरा शांतता, मग क्लॅरिनेट, मग धापा.

"चोर!" भोंगा गरजला. "आजोबांची टेप चोरलीय त्यानं!"

"चोर चोरीची टेप रेडिओवर कशाला वाजवेल?" खुट्टनं विचारलं. पण भोंग्याला असले प्रश्न आवडत नसत.

संध्याकाळी मास्तरणीनं धीर करून मामांना ती टिपणं ऐकवली. मामांनी नीट ऐकली. चेहरा जरा बदललासुद्धा. पण मग त्यांनी मान हलवली.

"क्लॅरिनेट आहे, मान्य. पण बाबांचा कशावरून? फुंकेवर काय नाव लिहिलेलं असतं?"

"मग आजीचा आवाज ऐकवला तर?"

मामांनी कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवली. "माझ्या आईचा आवाज ऐकव," ते म्हणाले, "मी स्वतः डॉक्टरांना येऊ नका म्हणून सांगतो. मी अगदी लहान असताना गेली गं ती. तिचा आवाज कसा होता हेसुद्धा मला आठवत नाही."

---

रेडिओ केंद्र म्हणजे एक पिवळट, दुमजली इमारत होती. समोर झाडाखाली बाक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं त्या बाकावर बसून शेंगा खात असल्याचं नाटक करत होती. भोंगा मात्र खऱ्याच खात होता. मास्तरणीच्या कानात खिशातल्या छोट्या रेडिओचा इअरफोन होता.

"लांब गाणं लागलं!" ती म्हणाली.

आणि बाजूचं दार उघडलं! एक उंच माणूस बाहेर आला. चोपून भांग, गळ्यात रुमाल. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि झपाझप समोरच्या बोळात शिरला.

"बघितलंत? इकडे तिकडे बघितलं!" भोंग्यानं कुजबुजायचा प्रयत्न केला. झाडावरच्या चिमण्या उडाल्या.

"भोंग्या, तोंडात शेंगा भर!"

तिघं भिंतीच्या कडेकडेनं निघाली. बोळाच्या टोकाला एक केस कापायचं दुकान होतं. मधाळ त्यात शिरला. खुट्टचं काळीज असं धडधडत होतं की त्याला दुसरं काही ऐकूच येईना. दुकानाच्या काचेवर कंगव्यांची चित्रं चिकटवली होती. त्यांच्या फटीतून तिघांनी आत डोकावलं.

आत टेप नव्हती, चोर नव्हते, पिशव्यांची देवाणघेवाण नव्हती. एका स्टुलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. त्याच्या एका बाजूला मधाळ हनुवटीवर हात ठेवून बसला होता आणि दुसऱ्या बाजूला दुकानवाले काका. त्यांच्या कानावर कंगवा होता आणि खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्धवट दाढीनिशी वाट पाहत होतं.

फळीवरचा रेडिओ गात होता. मधाळ मधूनच त्याच्याकडे कान द्यायचा, मग पुन्हा पटात बुडायचा. गाणं संपलं. त्याला कळलंच नाही. रेडिओ क्षणभर गप्प झाला आणि मग त्यातून आजोबांचा क्लॅरिनेट वाजू लागला!

"मेलो!" मधाळ ताडकन उठला. "मशीन सुरू झालं! डाव असाच ठेवा हं, हलवू नका!" आणि तो दारातून असा सुटला की मुलांना भिंतीला चिकटावं लागलं. थोड्याच वेळात दुकानातल्या रेडिओतून आवाज आला, "श्रोतेहो, तांत्रिक... अडचणीमुळे..."

मास्तरीण सरळ आत शिरली. "काका, मशीन म्हणजे कसलं हो?"

"ते होय!" दुकानवाले काका हसले. "स्टुडिओत फार वेळ शांतता झाली ना, की एक मशीन आपलं आपणच जुनी टेप लावतं. म्हणजे ऐकणाऱ्याला रेडिओ बिघडला असं वाटू नये. साहेब पोचले की बंद करून टेप पुन्हा सुरुवातीला आणून ठेवतात. जुन्या काळापासून एकच टेप अडकवलेली आहे म्हणे त्यात. पूर्वी कधी वाजायचीच नाही. आमचा खेळ सुरू झाल्यापासून रोज वाजतेय!"

बाहेर आल्यावर मास्तरीण बाकावर मटकन बसली. "कळलं का? ती टेप संग्रहात नाहीच, कारण ती कोणी कधी संग्रहात ठेवलीच नाही! मशीनमध्ये अडकवली आणि सगळे विसरून गेले. केंद्राला विचारलं तर ते कपाटात बघतात आणि नाही म्हणतात!"

"चोर नाही, वेंधळे आहेत," भोंगा जरा हिरमुसून म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "आत जाऊन सांगू या की!"

"कोण ऐकणार? मामाचं तरी ऐकलं का? फोनवरच नाही म्हणून मोकळे! आणि दार उघडून आपल्याला आत कोण घेणार? उद्या शनिवार. परवा डॉक्टर." मास्तरणीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "टेप शेवटपर्यंत वाजायला हवी, एवढंच. म्हणजे उद्या मधाळ परतायला हवा भरपूर उशिरा. खुट्ट, मघाशी त्यांचा डाव बघितलास?"

"दुकानवाले काका हरतायत," खुट्ट लगेच म्हणाला. "चार-दोन चालींत संपेल."

"संपता कामा नये! उद्या तू केस कापायला जायचंस."

खुट्टनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. सुट्टीभर वाढवलेले, कपाळावर रुळणारे केस! त्याला माडीवरच्या रेडिओसमोर हवेत बोटं हलवत बसणारे आजोबा आठवले. मग त्यानं हात खाली घेतले.

"बरं," तो म्हणाला. "पण थोडेच हं."

---

शनिवारी दुपारी खुट्ट खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या अंगावरचं पांढरं कापड थरथरत होतं.

"किती कापू बाळ?"

"कितीही कापा, पण हळूहळू कापा," खुट्ट म्हणाला.

भोंगा फळीवरच्या रेडिओखाली बाकावर बसला होता. रेडिओवर लांब गाणं सुरू झालं आणि थोड्याच वेळात रुमाल झटकत मधाळ आला.

"हं, कुठं होतो आपण? तुमची चाल!"

दुकानवाले काका कात्री घेऊन पटाकडे वळले. त्यांनी प्यादं उचलायला हात पुढे केला. खुट्टला पट आरशात दिसत होता, उलटा. पण दोन्ही बाजूंनी खेळायची सवय असलेल्याला उलट काय आणि सुलट काय!

"काका," तो कापडाआडून पुटपुटला, "प्यादं नको. घोडा. वजिरासमोर नेऊन ठेवा."

"अरे, मारेल की तो!" काका त्याच्या कानाशी वाकून कुजबुजले.

"मारू द्या. काहीच बोलू नका. फक्त हसा."

दुकानवाले काका असेही हरतच होते. त्यांनी घोडा उचलून वजिराच्या तोंडासमोर ठेवला आणि गालातल्या गालात हसले.

मधाळनं वजिराला हात घातला. आणि तो हात तसाच थांबला.

"फुकटचा घोडा?" तो म्हणाला. "तुम्ही? मला?"

काका नुसते हसले.

"यात काहीतरी आहे." मधाळ खाली वाकला. त्यानं एक डोळा मिटून पट पाहिला. मग दुसरा मिटून पाहिला. "घोडा मारला तर उंट येईल... उंट आला तर... नाही नाही, मला फसवता काय!"

फळीवरचं गाणं शेवटच्या कडव्यावर आलं होतं. भोंगा उठला. आयुष्यभर सगळे त्याला हळू बोल, हळू बोल म्हणत आले होते. आज पहिल्यांदाच त्याला कोणीतरी मोकळं सोडलं होतं!

"काका!" तो रेडिओसमोर उभा राहून गरजला. "हे भिंतीवरचं चित्र कोणाचं? असे केस माझे होतील का? या तेलानं टक्कल जातं का? मग या डबीत काय आहे? वाचू का? मी वाचतो! 'थंड जागी ठेवावे! लहान मुलांपासून दूर ठेवावे!' मी लहान मूल आहे का हो?"

"अरे, हळू बोल की जरा!" मधाळ पटावरून नजर न काढता म्हणाला. "विचार करतोय इथं!"

"माझा हळू आवाज हाच आहे, काका!"

त्याच्या मागे, त्याच्या आवाजाखाली गाणं संपलं. शांतता झाली. आणि क्लॅरिनेट लागला. तो फक्त खुट्टला ऐकू आला. कात्रीच्या कचकचीतून, भोंग्याच्या गर्जनेतून त्याला एकेक सूर ऐकू येत होता, आणि त्या दिवशी तो एकदाही दचकला नाही.

---

इकडे घरी वायर नीट बसवलेली होती, खूण दोनदा तपासलेली होती आणि लाल गोल चालू होता. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून रेडिओ ऐकू येत होता. आजोबा खुर्चीत ताठ बसले होते. मामी बाजूला, मामा दारात हाताची घडी घालून.

"आता मध्येच बंद होईल बघ," मामा म्हणाले. जिथं पहिलं टिपण तुटलं होतं ती जागा गेली. जिथं दुसरं तुटलं होतं तीही गेली! धून वर चढली, गिरकी घेऊन खाली आली. घरात आजवर कोणीही न ऐकलेला तुकडा सुरू झाला, आणि आजोबांची बोटं अजूनही सुराच्या आधीच चालत होती. मामांनी ते पाहिलं. त्यांच्या हातांची घडी सुटली.

शेवटचा सूर लांबला, बारीक झाला, थांबला. एक खुर्ची करकरली. कोणीतरी घसा साफ केला. आणि मग एका तरुण बाईचा आवाज आला, अगदी जवळून,

"अहो, चला ना आता लवकर! बाळ उठलं असेल. मी दिसले नाही की ओठ काढून बसतं ते."

"श्श! बाई! लाल दिवा चालू आहे!"

"अगंबाई!"

खट्! टेप संपली.

मामा भिंतीला धरून हळूहळू खाली बसले, थेट जमिनीवर, लहान मुलासारखे.

"बाळ म्हणजे मी," ते म्हणाले. "बाबा, ते बाळ म्हणजे मी ना?"

"दुसरं कोण?" आजोबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसतही होते. "हेच बोलली होती बघ! मी विसरलो होतो रे. शब्दच तेवढे विसरलो होतो."

"पुन्हा लाव गं," मामा मास्तरणीला म्हणाले.

"थांब मामा! आधी साठवू दे!" ती ओरडली. तिच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण तिनं बरोबर ठिकाणी दाबलं. मगच तिनं रडून घेतलं.

रेडिओवर मात्र बराच वेळ नुसती खरखर होती. मग धाडकन दार आपटलं आणि एक आवाज आला, ज्यात मधाचा थेंबही उरलेला नव्हता, "श्रो... श्रोतेहो... तांत्रिक..."

सगळे एकदम हसले. मामासुद्धा. मग ते उठले, नाक पुसलं आणि सगळ्यांसमोर डॉक्टरांना फोन लावला. "नाही, नाही, येऊ नका," ते म्हणाले. "वडिलांचे कान उत्तम आहेत. माझेच तपासायला हवेत."

मामांनी पुढचा फोन रेडिओ केंद्राला केला.

तेवढ्यात दोन्ही वीर परतले. खुट्टचं डोकं जवळजवळ गुळगुळीत झालं होतं. हळूहळू कापायला सांगितलं तरी काका पटाकडे बघत बघत कापतच राहिले होते.

"पण खुट्ट, तो घोडा!" मास्तरणीनं विचारलं. "मधाळनं मारला असता तर काय सापळा होता?"

"काहीच नव्हता," खुट्ट म्हणाला. "नुसता घोडा होता."

---

रविवारी डॉक्टरांच्या जागी केंद्राच्या मुख्य बाई आल्या. त्यांच्यामागून मान खाली घालून मधाळ आला.

"मशीन उघडलं आम्ही," मुख्य बाई आजोबांना म्हणाल्या. "टेपच्या डबीवर फक्त 'राखीव' लिहिलं होतं, नाव कोणीच लिहिलं नव्हतं. चूक आमची आहे. आता ती संग्रहात गेली, तुमच्या नावासकट. आज दुपारी पूर्ण लावतोय. आणि हे साहेब स्वतः, स्टुडिओत बसून, ती लावणार आहेत."

"हो," मधाळ अगदी बिनमधाच्या आवाजात म्हणाला. मग त्यानं खुट्टकडे पाहिलं. "रात्रभर विचार केला रे मी त्या घोड्याचा! सुट्टीच्या दिवशी ये एकदा. एक डाव खेळू."

मुख्य बाईंनी तिघांना रांगेत उभं केलं, म्हणजे मास्तरणीनं केलं आणि बाईंनी पाठ थोपटली. "आमच्या अख्ख्या केंद्राला जे ऐकू आलं नाही ते तुम्ही ऐकलंत. शाबास!"

"आणि मला जे ऐकायचं नव्हतं तेही," मामा म्हणाले. त्यांनी मास्तरणीच्या डोक्यावर हात ठेवला, भोंग्याच्या पाठीत एक प्रेमाचा धपाटा घातला आणि खुट्टला जवळ ओढून त्याच्या गुळगुळीत डोक्यावर हनुवटी टेकवली. "पोरांनो, तुमच्यामुळे माझी आई बोलली माझ्याशी."

दुपारी आजोबांचा रेडिओ माडीवरच, त्याच्या नेहमीच्या जागी होता. सगळे त्याच्याभोवती बसले. मधाळनं आजोबांचं पूर्ण नाव घेतलं, जराही धाप न लागता. धून सुरू झाली आणि कोणीही मध्येच बंद केली नाही. भोंगासुद्धा गप्प होता.

शेवटी खुर्ची करकरली.

"अहो, चला ना आता लवकर! बाळ उठलं असेल."

"आलो गं," आजोबा रेडिओला म्हणाले. त्यांनी शेजारी बसलेल्या मामांचा हात हातात घेतला. "बाळ इथंच आहे. शहाण्यासारखं बसलंय."